साडेतीन डेसिबलचा फरक : ठाण्यातील दोन केंद्रांत दिलेली काचबिंदूची फील्ड टेस्ट

काचबिंदूच्या रुग्णाला वर्षातून एकदोनदा दृष्टिक्षेत्राची जी चाचणी द्यावी लागते आणि जिला दवाखान्यात सगळेच ‘फील्ड’ म्हणतात, ती मी गेल्या मे आणि जून महिन्यांत ठाण्यातील दोन केंद्रांत, बावीस दिवसांच्या अंतराने दिली. दोन्ही ठिकाणी यंत्र एकाच कंपनीचे होते, चाचणीचा नमुना तोच होता आणि शुल्कही जवळपास सारखेच होते. माझ्या डाव्या डोळ्याचा निकाल मात्र पहिल्या ठिकाणी उणे 9.6 डेसिबल आला आणि दुसऱ्या ठिकाणी उणे 6.1. शस्त्रक्रिया करायची की चालू असलेले थेंबच पुढे चालू ठेवायचे, याचा निर्णय या दोन आकड्यांवर अवलंबून होता. म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. केंद्रांची नावे मी देत नाही. त्या दिवशी त्या खोलीत कोण होते आणि त्यांनी काय केले, यावर सगळे अवलंबून असते, आणि माणसे बदलली की त्याच पाटीखालच्या केंद्राचा दर्जाही बदलतो.

मी तीस वर्षे वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. जांभळी नाक्याच्या बाजारातील तराजूंपासून सराफांच्या काट्यांपर्यंत असंख्य मापे तपासली. काटा खरा असला, तरी तो ज्या फळीवर ठेवला आहे ती कललेली असेल किंवा डोक्यावर पंखा फिरत असेल, तर वजन खोटे येते, हे त्या नोकरीत पहिल्या महिन्यातच कळते. सराफाचा काटा काचेच्या पेटीत असतो तो याच कारणासाठी. नऊ वर्षांपूर्वी मला काचबिंदूचे निदान झाले आणि तेव्हापासून मी सोळा वेळा फील्ड दिली आहे. पण माझ्या नजरेचे मापही याच कारणांनी चुकू शकते, हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत सुचले नव्हते.

ज्यांनी ही चाचणी कधी दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हंफ्री फील्ड अॅनालायझर या यंत्रात एक पांढरी, अर्धगोल, मोठ्या परातीएवढी वाटी असते. हनुवटी टेकूवर आणि कपाळ पट्टीला लावून बसायचे, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने समोरच्या पिवळ्या दिव्याकडे पाहत राहायचे आणि वाटीत कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. वाटीवर 31.5 अपोस्टिल्ब (हे उजेडाचे एक माप) इतका ठरावीक मंद उजेड असतो आणि ठिपका फक्त 0.2 सेकंद दिसतो. नेहमीच्या 24-2 नमुन्यात सहा-सहा अंशांच्या अंतरावरील 54 जागा तपासल्या जातात, आणि प्रत्येक जागी रुग्णाला जेमतेम दिसेल असा सर्वांत मंद ठिपका कोणता, हे यंत्र शोधते. ही सीमा डेसिबलमध्ये मोजतात. त्या वयाच्या निरोगी डोळ्याच्या तुलनेत सरासरी किती घट आहे ते ‘मीन डेव्हिएशन’ या एका आकड्यात छापले जाते; आकडा जितका जास्त उणे, तितकी घट जास्त. डेसिबलचे माप चक्रवाढीचे आहे : दहा डेसिबल म्हणजे दहापट प्रकाश. त्या हिशेबाने साडेतीन डेसिबल म्हणजे सुमारे सव्वादोन पट प्रकाश. भाजीवाल्याच्या काट्यात एवढा फरक आढळला असता, तर मी तो काटा जागेवरच जप्त केला असता.

पहिले केंद्र घोडबंदर रस्त्यावर, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. इमारत नवी, स्वागतकक्ष प्रशस्त, नोंदणी संगणकावर आणि लिफ्ट मोठी. गुडघेदुखीच्या रुग्णाला या सोयीचे मोल फार असते आणि ते मी मान्य करतो. वेळ दुपारी एकची दिली होती. प्रत्यक्षात आत बोलावले तेव्हा पावणेतीन वाजले होते. मे महिन्यातली दुपार, सकाळी नऊला घेतलेला नाश्ता, आणि पावणेदोन तास थेट अंगावर येणारी एसीची हवा, अशा स्थितीत मी यंत्रासमोर बसलो. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्या पुष्कळांचे डोळे कोरडे होतात. माझेही झाले आहेत. कोरड्या डोळ्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो आणि मंद ठिपके आणखी मंद होतात. चाचणीच्या आधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घातला असता तर फरक पडला असता. तो मला सुचला नाही आणि तिथे कोणी सुचवला नाही.

खोलीत दोन यंत्रे शेजारी-शेजारी होती आणि मध्ये पडदा होता. शेजारच्या रुग्णाला दिलेल्या सूचना मला ऐकू येत होत्या. दार तीनदा उघडले, आणि दर वेळी बाहेरच्या पांढऱ्या दिव्याचा पट्टा माझ्या वाटीच्या उजव्या कडेवर पडलेला मला दिसला. ज्या चाचणीचा सगळा आधार ठिपका आणि त्याच्या मागचा उजेड यांच्या तफावतीवर आहे, तिथे मागचा उजेड असा कमीजास्त होऊ देणे म्हणजे काट्याच्या पारड्याला हात लावणे होय.

तंत्रज्ञ मुलगा वागायला सभ्य होता. “काका, लाइट दिसली की बटण दाबायचं, बस,” एवढे सांगून त्याने चाचणी सुरू केली आणि तो शेजारच्या यंत्राकडे गेला. या एका वाक्यात काय राहून गेले ते मला नंतर समजले. यंत्र प्रत्येक जागी दिसण्या-न दिसण्याची सीमा शोधत असल्यामुळे अगदी निरोगी माणसालाही निम्म्याच्या आसपास ठिपके दिसत नाहीत, दिसणे अपेक्षितही नसते. हे आधी सांगितले नाही तर काय होते? अर्धा मिनिट काहीच चमकत नाही, रुग्णाच्या छातीत धडधडू लागते, आपली नजर गेली असे त्याला वाटते, आणि मग तो एकतर नसलेले ठिपके पाहून बटण दाबू लागतो, नाहीतर पिवळा दिवा सोडून वाटीभर डोळे फिरवून ठिपके शोधू लागतो. मी दुसरी चूक केली. इतक्या वेळा चाचणी देऊनही केली, कारण थकलेल्या माणसाला जुना अनुभव आठवत नाही. बटण दाबून धरले की चाचणी थांबते आणि सोडले की पुढे सुरू होते, ही सोय या यंत्रात आहे. तीही त्या दिवशी मला कोणी आठवून दिली नाही.

सर्वांत गंभीर चूक भिंगाची होती. वाटी डोळ्यापासून तीस सेंटिमीटरवर असते. साठीच्या पुढच्या डोळ्याला तेवढ्या अंतरावर स्पष्ट दिसण्यासाठी लांबच्या नंबरात साधारण सव्वातीनची भर घालून एक भिंग यंत्राच्या धारकात बसवावे लागते. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे आणि त्याचा नंबर उणे अर्धा आहे; डाव्याचा अधिक सव्वा आहे. म्हणजे उजव्याला अधिक 2.75 चे भिंग हवे आणि डाव्याला अधिक 4.50 चे. उजव्या डोळ्याची चाचणी संपल्यावर पट्टी बदलली गेली, हनुवटी दुसऱ्या टेकूवर नेली गेली, पण धारकातले भिंग तसेच राहिले. एका डायॉप्टरचा, म्हणजे भिंगाच्या एका नंबराचा, धूसरपणा राहिला तरी संवेदनशीलता साधारण एक डेसिबलने, किंवा त्याहून थोडी अधिक, खाली येते. इथे पावणेदोन डायॉप्टरची तूट होती. मला धूसर दिसत होते. ते मी बोललो नाही, कारण डावा डोळाच माझा वाईट डोळा आहे आणि तो आणखी बिघडला असेल असे मी धरून चाललो.

त्यात भर म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत माझे कपाळ पट्टीपासून मागे सरकले होते. चेहरा असा मागे गेला की भिंगाची कड दृष्टीच्या आड येते आणि नकाशाच्या काठाने एक काळी कमान उमटते, जी काचबिंदूच्या हानीसारखी भासू शकते. करोनाच्या काळात मास्कच्या वरून निघणाऱ्या वाफेने भिंग धुरकट होऊन असेच खोटे डाग उमटत असत, आणि तेव्हा मास्कची वरची कड चिकटपट्टीने बंद करण्याचा उपाय करावा लागला होता.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तो रिपोर्ट दोन मिनिटे शांतपणे पाहिला. आधीच्या नोव्हेंबरात हाच आकडा उणे 5.8 होता. सहा महिन्यांत जवळजवळ चार डेसिबलची घसरण खरी असेल तर थेंबांवर विसंबून राहता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि डोळ्यातील द्रवाला बाहेर जायला वाट करून प्रेशर कमी करणाऱ्या ट्रॅबेक्युलेक्टॉमी या शस्त्रक्रियेचा विषयही काढला. माझी पत्नी शेजारी बसली होती. तिने माझा हात धरलेला मला आठवतो. मग मॅडमनी पेन्सिलीने कागदाच्या वरच्या भागातील एका ओळीला खूण केली. दोन्ही डोळ्यांच्या कागदांवर भिंगाचा आकडा एकच छापलेला होता. “काका, हे तुमच्या डोळ्याचं माप नाही, चुकीच्या भिंगाचं माप आहे. पुन्हा करू या, सकाळच्या वेळी,” असे त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी काही आकडे दाखवले, जे मी आजवर कधी वाचले नव्हते. नजर किती वेळा हलली याची नोंद ‘फिक्सेशन लॉस’ म्हणून असते. यंत्र अधूनमधून आंधळ्या बिंदूवर, म्हणजे निरोगी डोळ्यालाही जिथे काहीच दिसत नाही त्या जागी, ठिपका टाकते आणि तिथेही बटण दाबले गेले तर नजर हलली असे धरते. प्रचलित मर्यादा 20 टक्क्यांची आहे आणि माझ्या कागदावर 15 पैकी 6 होते. ठिपका नसताना बटण दाबण्याचे प्रमाण, म्हणजे ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, 15 टक्क्यांच्या वर गेले तर रिपोर्ट खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण तिच्यामुळे हानी झाकली जाते. ‘फॉल्स निगेटिव्ह’, म्हणजे दिसायला हवा असा ठळक ठिपका असूनही बटण न दाबणे, मात्र खराब झालेल्या डोळ्यात मुळातच वाढलेले असतात, त्यामुळे केवळ त्यावरून रुग्णाला बेसावध ठरवू नये, असेही त्यांनी सांगितले.

एका वाईट रिपोर्टवरून निर्णय न घेण्याला भक्कम आधार आहे. डोळ्याचे प्रेशर जास्त असलेल्या, पण काचबिंदू न झालेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’ या मोठ्या अभ्यासात, पहिल्यांदा सदोष आलेल्या आणि विश्वासार्ह ठरलेल्या फील्डपैकी सुमारे 86 टक्क्यांमधील दोष पुन्हा चाचणी घेतल्यावर आढळला नाही. हा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. काचबिंदू झालेल्या माझ्यासारख्याला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. उलट, जिथे हानी झालेली आहे त्या जागांचे माप दर वेळी आणखी कमीजास्त होते. म्हणूनच नव्या रुग्णाची पहिल्या दोन वर्षांत सहा वेळा फील्ड करावी असे तज्ज्ञ सुचवतात.

दुसरे केंद्र नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. घोडबंदरहून येणाऱ्याला तेव्हा मेट्रोच्या कामामुळे माजिवड्यापर्यंतच पाऊण तास लागू शकत होता. मी म्हणून तासभर आधी निघालो आणि जिना चढल्यावर पंधरा मिनिटे बसून राहिलो. वेळ सकाळी साडेनऊची होती आणि नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी मला आत घेतले.

इथल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणाऱ्या, बाई तिशीच्या असाव्यात. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या जुन्या फील्डची फाइल मागितली. आधीच्या चाचण्या ‘सिटा स्टँडर्ड’ पद्धतीने झाल्या होत्या, म्हणून ही चाचणीही त्याच पद्धतीने, आणि तेव्हा उजवा डोळा पहिला होता म्हणून आताही उजवाच पहिला. ‘सिटा फास्ट’ कमी वेळात संपते आणि थकणाऱ्या रुग्णाला ती उपयोगीही पडते, पण आज एक आणि उद्या दुसरी असे केले तर दोन मापांची तुलना कच्ची राहते. यंत्राची जात बदलली तर घोळ आणखी वाढतो. ऑक्टोपस या यंत्राच्या कागदावर तर घट अधिक चिन्हाने छापली जाते, आणि उणे आकड्यांची सवय असलेला रुग्ण ते पाहून गोंधळतो. त्या दिवशी डोळ्यात कोणकोणते थेंब घातले, बाहुली मोठी करण्याचे औषध घातले आहे का, हेही त्यांनी विचारून लिहून घेतले. बाहुलीचा व्यास तीन मिलिमीटरच्या खाली गेला तर आत जाणारा प्रकाश कमी होऊन सगळेच माप खाली येते. पायलोकार्पिनसारख्या थेंबांनी तसे होते.

नंतर त्यांनी माझा नंबर पुन्हा तपासला आणि दोन भिंगे काढून टेबलावर पांढऱ्या रुमालावर ठेवली, डावीकडे डाव्याचे आणि उजवीकडे उजव्याचे. भिंगे अरुंद कडेची होती. दिवे मालवून मला पाचेक मिनिटे त्या मंद उजेडात बसवले. झाकायच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधण्याऐवजी त्यांनी पांढरट, उजेड आत येऊ देणारे झाकण लावले. काळ्या पट्टीने पुष्कळांना चाचणीच्या मध्येच करडे धुके पसरल्यासारखे होते. मलाही पूर्वी तसे झाले होते आणि मी ते रोगाचे लक्षण समजत होतो.

डाव्या डोळ्याच्या वेळी त्यांनी जे केले ते मी कधी पाहिले नव्हते. माझी डावी वरची पापणी वयामुळे उतरली आहे. त्यांनी समोरून पाहिले, दोन पावले मागे जाऊन पुन्हा पाहिले, आणि कागदी चिकटपट्टीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पापणीच्या वर, भुवईखाली लावून ती हलकेच वर ओढून धरली. डोळा मिटता येतो ना, हे मला तीनदा मिटायला लावून खात्री करून घेतली. पापणी बाहुलीवर आली की नकाशाचा वरचा भाग काळा होतो, आणि काचबिंदूची सुरुवातीची हानी वरच्या भागातही दिसत असल्यामुळे दोन्हींत गल्लत होते. माझ्या गेल्या चार रिपोर्टांत वरच्या काठाला जो काळा पट्टा होता, त्यातला मोठा भाग या वेळी नाहीसा झाला. म्हणजे कित्येक वर्षे मी पापणीची सावली हानी म्हणून फाइलला लावत होतो.

सूचना देताना त्यांनी अडीच-तीन मिनिटे घेतली. “काका, निम्मे ठिपके तुम्हाला दिसणारच नाहीत, मलाही दिसत नाहीत. घाबरायचं नाही. शंका वाटली तरी दाबा, पण ठिपका शोधायला जाऊ नका. पापणी बटण दाबतानाच मिटा,” असे त्यांनी सांगितले, आणि आधी अर्धा मिनिट सराव घेतला. चाचणीभर त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. “छान चाललंय, निम्मं झालं,” असे दोनदा म्हणाल्या, आणि एकदा काही न बोलता कपाळ पुढे टेकवायला सांगण्यासाठी माझ्या खांद्याला नुसता हात लावला. दोन डोळ्यांच्या मध्ये दहा मिनिटे विश्रांती दिली. दुसऱ्या क्रमांकाचा डोळा थकव्याने अनेकदा थोडा मागे पडतो, म्हणून ही दहा मिनिटे महत्त्वाची. फिक्सेशन लॉस 16 पैकी 1 आला आणि डाव्या डोळ्याचा आकडा उणे 6.1.

या केंद्राच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. यंत्र एकच असल्यामुळे वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही घरात काय काळजीत काढले ते आम्हालाच माहीत. चाकाच्या खुर्चीवरील रुग्णाला जिना अशक्यच आहे. रिपोर्ट फक्त कागदावर मिळतो. मोबाईलवर पाठवण्याची सोय नाही. घोडबंदरच्या केंद्रात तो अर्ध्या तासात मोबाईलवर आला होता. त्या केंद्रालाही मी पत्र लिहून भिंगाची चूक कळवली आणि दोन रुग्णांच्या मधली पातळ पडद्याची व्यवस्था बदलावी अशी विनंती केली. उत्तर आलेले नाही. तिथला तंत्रज्ञ मुलगा एकाच वेळी दोन यंत्रे सांभाळत होता, आणि ज्यांनी त्याला दोन्ही दिली त्यांनी याचा विचार करायला हवा; मी त्याला दोष देत नाही.

ठाण्यात कुठेही ही चाचणी द्यायची असेल, तर वेळ घेताना मी आता तीन गोष्टी विचारतो : खोलीत एका वेळी एकच रुग्ण असतो का, तंत्रज्ञ चाचणीभर खोलीत थांबतो का, आणि दुपारच्या आधीची वेळ मिळेल का. पहिल्या दोन प्रश्नांना फोनवरची व्यक्ती अडखळली, तर मी दुसरीकडे फोन करतो. रिपोर्ट हातात आल्यावर मीन डेव्हिएशन पाहण्याआधी वरच्या ओळीतले भिंग, बाहुलीचा व्यास, चाचणीची वेळ आणि फिक्सेशनचा आकडा मी स्वतः वाचतो आणि जुन्या कागदाशी ताडून पाहतो. हे वाचायला डॉक्टर असावे लागत नाही.

मॅडमनी शस्त्रक्रियेचा विषय तूर्त मिटवला आहे. थेंब तेच आहेत आणि प्रेशर 14 वर आहे. पुढची फील्ड डिसेंबरात, नौपाड्यातच, सकाळी साडेनऊ वाजता आहे. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता त्या बाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी चिकटवली आहे : उजवा अधिक 2.75, डावा अधिक 4.50, डावी पापणी वर धरणे.